पाटलाची ज्वारी मेंढ्यांच्या पोटातून

धुळा धनगराच्या मेंढ्यांनी शिदोजी पाटलाची उभी ज्वारी फस्त केली, आणि हट्टी राजेसाहेबांनी निकाल दिला, "मेंढ्यांनी खाल्लेली ज्वारी मेंढ्यांच्याच पोटातून परत आली पाहिजे. बदल्यात लोकर नको, कोकरू नको. उद्या हजर करा, नाहीतर कळप जप्त!"

धुळ्याने डोक्याला हात लावला. कळप गेला तर चूलच विझली. त्याची लेक मायाक्काही घाबरली होती, पण मेंढ्यांखालची जागा कोण झाडणार? झाडता झाडता ती थांबली आणि तिने पाटी भरली.

दुसऱ्या दिवशी दरबारात तिने पाटीवरचं घोंगडं उचललं. आत लेंड्या. प्रधानांनी उपरणं नाकाला लावलं.

"ही ज्वारी?" राजेसाहेब म्हणाले.

"म्हाराज, पोटातनं येतंय ते ह्येच. दुसरं काय येत न्हाई."

शिदोजी उसळला. "मी काय लेंड्या दळून भाकरी खाऊ?"

"पाटील, बी पेरल्या दिशीच भाकरी खाता व्हय? मेंढ्या तुमच्या रानात बसू द्या, लेंड्यांचं खत हुईल. पुढल्या सुगीला खाल्लेली ज्वारी भरून आली न्हाई, तर कळप घिवा."

हुकूम स्वतःचाच, त्यामुळे राजेसाहेबांना मान हलवावी लागली.

मेंढ्या बसल्या. रान रिकामं होतं, तरी शिदोजी काठी घेऊन बांधावर राखण करत होता. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सुगी झाली आणि शिदोजी पुन्हा फिर्याद घेऊन दरबारात आला.

"आता काय खाल्लं मेंढ्यांनी?"

"काही नाही महाराज. यंदा त्या शेजारच्या गणोजीच्या रानात बसल्यात. माझ्या का नाहीत?"

"गेल्या सालची ज्वारी भरून आली?"

शिदोजी जमिनीकडे बघत म्हणाला, "कणगीत मावत नाही."

राजेसाहेबांनी मायाक्काला बोलावून घेतलं. "काय गं, पाटलांवर राग धरलास?"

"राग कशाचा, म्हाराज? खाल्लं त्येवढं फेडलं. गणोजीनं मेंढ्यांस्नी कडबा घातलाय. पाटलांनी काय घातलंय? पोटात गेल्याबिगर पोटातनं येणार कसं?"

राजेसाहेब इतके हसले की प्रधानांनाही हसावं लागलं. सरकारी कुरण धनगरांना चराईसाठी कायमचं मिळालं. शिदोजी तिथूनच कडबा काढायला पळाला.

"आणि आमच्या बागेत मेंढ्या कधी बसवतेस?" राजेसाहेबांनी विचारलं.

"बसवू की," मायाक्का म्हणाली. "पाटलांचं झाल्यावर."