गुळणेबुवांचा घास

ऐका हं. आणि विनू, डोळे मिटून गालातल्या गालात हसतोयस, ते कळतं मला.

एका नगरात एक राजा राहायचा. भारी संशयी! आरशात बघितलं तरी विचारायचा, हा कोण माझ्याकडे टक लावून बघतोय?

त्यानं चौकात कारंजं बांधलं. मधोमध बसवला एक दगडी माणूस. पोट हे एवढं, तोंड वासलेलं, आणि तोंडातून पाण्याची सरळ धार. जसा काही चूळच भरतोय! लोकांनी नाव ठेवलं गुळणेबुवा.

पहिल्या दिवशी राणीनं स्वतः लाडू वळले. म्हणाली, "बिचारा तोंड वासून बसलाय. आधी त्याला घास भरवू, मग गावाला वाटू." आणि एक भला मोठा लाडू तिनं बुवांच्या तोंडात कोंबला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी राणी बघते तर बोटात अंगठी नाही! मग काय, शोधाशोध. आणि बरं का, त्याच दिवसापासून बुवांची धार वाकडी झाली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर फुर्र!

आधी भिजला गवळी. घाबरून म्हणाला, "अंगठी नाही हो घेतली! दुधात पाणी तेवढं घालतो." मग भिजला सोनार. तो म्हणाला, "मी सोन्यात तांबं घालतो." झालं! गुळणेबुवा चोर ओळखतात, अशी आवई उठली. गावोगावच्या गाड्या येऊ लागल्या. सासवा सुनांना घेऊन आल्या, सुना सासवांना. कुणी छत्री आणली, की त्याच्यावर दुप्पट संशय.

मग भिजली सगुणा कासारीण. अंगठी हरवली त्या दिवशी सकाळी तिनंच राणीला बांगड्या भरल्या होत्या. राजा ओरडला, "राणीचा हात हिनंच धरला होता! बोल, अंगठी कुठंय?"

"मी नाही घेतली, सरकार."

"ते दोघं कबूल झाले, तू होत नाहीस? नगर सोड. आजच्या आज!"

सगुणाची चिमुरडी लेक पदराला धरून रडायला लागली. सगुणा म्हणाली, "जाते. पण राणीसाहेबांनी एकदा माझ्या जागेवर उभं राहून बघावं."

राणी उभी राहिली. फुर्र! पार भिजली. राजानं लगेच तिच्याकडे तिरकं बघितलं.

अशी चिडली राणी! "मी माझीच अंगठी चोरीन? आणि ह्या मेल्याला मी माझ्या हातानं घास..." बोलता बोलता ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मग बांगड्या मागे सारून तिनं बुवांच्या घशात हात घातला. लाडू केव्हाच वाहून गेला होता. पण लाडू वळताना निसटलेली अंगठी आत नळीत अडकून बसली होती. ती निघाली आणि धार सरळ झाली.

राजानं मान खाली घातली. राणी तिथेच, भर चौकात, कारंज्याच्या काठावर बसली. अंगठी तिनं सगुणाच्या लेकीच्या मुठीत दिली. म्हणाली, "सांभाळ गं बाळ." मग हात पुढे केला. "चुकलं माझं, सगुणाबाई. भरा बांगड्या."

लोक अजून लांबून लांबून बुवांना बघायला येतात. लाडू भरवतात, पण आधी अंगठ्या काढून ठेवतात. सगळी सुखात आहेत.

चला, झोपा आता. आणि डब्यातला लाडू कुणी खाल्ला, ते मी कुणालाच विचारणार नाही. अंथरुणात बेसन सांडलंय, तेवढं झटकून झोप, विनू.