पहिली घागर

गोष्ट लिहून द्या, लिहून द्या म्हणून सगळ्यांनी जीव खाल्ला. माझी शाळा तिसरीत सुटली, आणि गोड बोलायची सवय मला कधी लागली नाही. तेव्हा पोरांनो, थोरांनो, लिहितोय तशी वाचा. मध्ये उठायचं असेल तर आत्ताच उठा.

फार जुना काळ. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर बारा कोस जंगल. त्या गावात येसबा नावाचा माणूस पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायचा. लग्न असो, बारसं असो, गाव जेवायचं ते येसबाच्या पत्रावळीवर. त्याला जमीन नव्हती. पवळ्या नावाचा एक बैल होता. जंगलातून पानांचे भारे यायचे ते पवळ्याच्या पाठीवर. बैल होता म्हणून येसबाची चूल पेटत होती.

चैत्र सरता सरता एका दुपारी आभाळ गडगडलं. पावसाचा थेंब आला नाही, नुसती वीज पडली. पडली ती रानातल्या एका वठलेल्या बेहड्यावर.

दुसऱ्या दिवशी येसबा पानं तोडायला गेला. पाहतो तर झाड उभंच होतं, पण ढोलीतून धुराची बारीक रेघ निघत होती. आत विस्तव धुमसत होता. भोवती कमरेएवढं वाळलं गवत. पलीकडं ओढ्याच्या डोहात पाणी होतं. दोन घागरींचं काम. येसबानं बरोबरची घागर भरली, झाडापाशी आणली आणि तिथंच थांबला.

कारण गावात एक चाल होती. विजेनं मारलेलं झाड देवाचं. त्याला जो पहिला हात लावील, पाणी घालील, त्यानं साऱ्या गावाला जेवण द्यायचं. नाहीतर देव कोपतो. आणि येसबानं जेवण द्यायचं म्हणजे पवळ्या विकायचा.

त्यानं घागर गवतात ओतली आणि घरी आला.

बायको म्हणाली, "बैल विकायचा असेल तर आधी मला विका. मग कोण भारे आणतंय ते बघा."

येसबा पारावर पाटलाकडं गेला. "पाटील, बेहडा आतून पेटलाय. दोन घागरीत विझेल."

"मग विझव की."

"जेवण माझ्या गळ्यात येईल."

"आणि मी विझवला तर कुणाच्या गळ्यात येईल?" पाटील म्हणाला. "तुझं तर बरं आहे बाबा. पत्रावळ्या घरच्याच."

पारावर बसलेले सगळे हसले. लोहार सगळ्यांत मोठ्यानं हसला.

गुरव म्हणाला, "देवानं लावलंय, देव विझवील. आपण मध्ये कोण?"

तिसऱ्या दिवशी धुराची रेघ जाड झाली. येसबानं पुन्हा पार गाठला. "सगळे मिळून जाऊ. सगळ्यांनी एकदम पाणी ओतू. मग पहिला कुणीच नाही."

माणसं तयार झाली. घागरी घेऊन निघाली. झाडापाशी गोल करून उभी राहिली. मग लोहार म्हणाला, "एकदम म्हणजे कसं? ज्याची घागर हलकी, त्याचं पाणी आधी पडणार."

"तुझीच हलकी आहे," कुणीतरी म्हणालं.

तेवढं पुरलं. भांडणात ऊन डोक्यावर आलं. ज्यानं त्यानं आपलं पाणी आपणच पिऊन टाकलं आणि घर गाठलं. येसबा मागं राहिला. त्याच्या घागरीत पाणी होतं. आजूबाजूला बघायला कुणी नव्हतं. पण झाड विझलं तर मागं कोण राहिलं होतं ते गाव ओळखणारच. त्याच्या डोळ्यांसमोर पवळ्या आला, पवळ्याचं रिकामं दावं आलं. तो भरली घागर घेऊन परत फिरला.

सहाव्या दिवशी वारा सुटला. आतून पोखरलेला बेहडा कडाडून मोडला आणि निखारे गवतात सांडले. आग आधी पाचोळ्यातून सरपटत गेली, मग चढाला लागली आणि धावत सुटली. बांबूची बेटं फुटू लागली. एक टेकडी पेटली, तिच्या ठिणग्यांनी दुसरी पेटली. ससा आणि कोल्हा एकाच वाटेनं पळाले, कुणी कुणाकडं पाहिलं नाही. दुपारी वारा फिरला आणि आग गवती छपरांवर आली.

येसबानं बायकोला पुढं घातलं, पवळ्याचं दावं सोडलं आणि नदी गाठली. सगळं गाव नदीत उभं होतं. लोहाराचा आंधळा बाप तेवढा आला नव्हता. तो खाटेवर होता. लोहाराला वाटलं, भावानं उचलला. भावाला वाटलं, शेजाऱ्यानं उचलला. शेजाऱ्याला वाटलं, ज्याचा बाप त्यानं उचलला असेल.

आग चार दिवस जळली. बारा कोसात झाड राहिलं नाही. मग माणसं बेहड्याच्या जागेवर गेली. तिथं राखेचा खड्डा होता. गुरवानं विचारलं, "आधी कुणी हात लावला होता का?"

कुणीच लावला नव्हता. चाल कुणी मोडली नव्हती.

येसबाचा बैल वाचला. पण खायला काडी नव्हती आणि वाहायला पान नव्हतं. पवळ्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा येसबा त्याला घेऊन तीन दिवस चालला. एक परकं हिरवं गाव लागलं. तिथल्या एका माणसाच्या हातात त्यानं दावं फुकट दिलं.

माणूस म्हणाला, "बैल चांगला आहे की. का देतोस?"

येसबा म्हणाला, "वाचवला होता म्हणून."

त्या माणसाला काही कळलं नाही. येसबानं मागं वळून पाहिलं नाही.

बोध एवढाच: धूर दिसत असताना पहिला हात दुसऱ्यानं लावावा म्हणून जो थांबतो, त्यानंही आग लावलेलीच असते.

आणि आमच्या टेकडीवर विजेनं पेटलेल्या सावरीच्या झाडावर मी पाणी ओतलं, म्हणून भर सभेत मला अधर्मी म्हटलं गेलं. टेकडी अजून हिरवी आहे. माफी अजून यायची आहे. ती मागायची आहे तसं म्हणणाऱ्या केरबा धुमाळानं.