सव्वीस रांगांची आमराई

फार फार पूर्वी, राजेमहाराजे गणितंसुद्धा हौसेने सोडवत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात मोठी छान रीत होती. कुणाचे उपकार झाले, की त्याला आमराई लावून द्यायची. जितक्या रांगा, तितकीच प्रत्येक रांगेत झाडं. शिवाय झाडांची एकूण संख्या पुढून वाचा की मागून, सारखीच यायला हवी; म्हणजे देणारा मोठा आणि घेणारा लहान, असं कुणाला वाटायला नको. अकरा रांगांच्या, १२१ झाडांच्या आमराया तर गावोगावी होत्या.

एके वर्षी महापूर आला. डोंगरातल्या लोकांनी राजधानीतल्या माणसांना आपल्या घरांत घेतलं, जगवलं. पूर ओसरल्यावर राजाने आपली तरुण राजगणिती चारुमती हिला बोलावलं.

"एवढे उपकार शेकड्यांनी फिटायचे नाहीत. चार अंकी संख्या शोध. पौर्णिमेपर्यंत सापडली नाही, तर तुझ्या जागी दुसरं कुणी येईल."

चारुमतीने जंग जंग पछाडलं. ७७४४ आले तेव्हा ती आनंदाने उठलीच. मग मागून वाचून पाहिले आणि मटकन खाली बसली.

शेवटी ती भद्रसेनांकडे गेली. ते आधीचे राजगणिती. म्हातारे झाले म्हणून राजाने त्यांची जागा चारुमतीला दिली, आणि त्यानंतर ही बाई त्यांच्या दाराकडे फिरकलीही नव्हती.

"ये पोरी, बैस," ते म्हणाले. "अगं, नाहीच ती संख्या. दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी कुठलीही चार अंकी संख्या घे, तिला अकराने भाग जातोच. म्हणजे रांगाही अकराच्या पटीतच हव्यात. तेहतीसपासून नव्व्याण्णवपर्यंत अशा सातच. करून बघ."

तिने साती गुणाकार केले. एकही जुळला नाही.

दरबारात तिने ते मांडून दाखवले. राजा आधी हिरमुसला, पण पटल्यावर म्हणाला, "शाब्बास! ही युक्ती तुला सुचली?"

क्षणभर तिला 'हो' म्हणावंसं वाटलं. जागा टिकत होती ना!

"नाही महाराज. ही भद्रसेन आजोबांची. त्यांनी हाताला धरून वाट दाखवली. मी इतके दिवस त्यांची साधी विचारपूसही केली नाही, तरी दाखवली. आता सव्वीस रांगा लावा, ६७६ झाडं होतील. डोंगरातले लोक काही झाडं मोजत बसायचे नाहीत. आपण स्वतः रोपं घेऊन गेलात, तर मात्र जन्मभर आठवण काढतील."

राजा ओशाळला. चारुमतीला घेऊन तो तसाच भद्रसेनांच्या घरी गेला आणि दरबारात काय घडलं ते त्याने त्यांना सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"उभा जन्म आकडेमोड केली, महाराज. 'तुमच्यामुळे झालं' हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

पुढे डोंगरात आमराई उभी राहिली. चारुमतीची जागा तर राहिलीच. पण तिच्या शेजारी भद्रसेनांचं आसनही मांडलं गेलं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने मांडलं.

तात्पर्य : ज्याच्यामुळे आपलं काम झालं, त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, त्याहून मोठे आभार नाहीत.