कमळपक्षी आणि दोन वल्ही

वल्ह्यांना वाचा होती त्या काळी, सुट्टीला आलेली काही माणसे होडीतून तळ्यावरचे पक्षी पाहायला निघाली. कमळाच्या पानावर एक कमळपक्षी अंडी उबवत बसला होता.

“अजून जवळ जाऊ,” उजवे वल्हे म्हणाले. “माणसं बघायलाच आलीत.”

“आपल्या लाटेनं अंडी पाण्यात जातील,” असे म्हणून डावे पाण्याबाहेरच थांबले.

उजवे हट्टाने एकटेच पाणी कापत राहिले. होडी जागीच गोल फिरली. लाटेने पान डुलले, पण तो बाप उठला नाही. त्याने पंखांनी अंडी छातीशी ओढून धरली.

ते पाहून उजवेही हळूच पाण्याबाहेर आले. लाटा निवल्या. होडीतले सगळे गप्प होऊन पाहत राहिले.

थोड्या वेळाने उजवे कुजबुजले, “अरे डाव्या, तुझ्या टोकावरून पाणी ठिबकतंय. त्याला आवाज जाईल.”