निम्मं येणारी ओतारीण

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा दोन हात उंच होते म्हणे. मोजायला कोण गेलंय! पण या गोष्टीतला घाट उंच होता, एवढं मात्र खरं.

त्या घाटाच्या माथ्यावर एका राजाचं नगर होतं. हिवाळ्यात घाटात असं धुकं उतरायचं, की माणसाला स्वतःचा हात दिसू नये. वाट चुकून दरवर्षी चार-दोन जण कड्यावरून जायचे. म्हणून राजानं ठरवलं, माथ्यावर एक थोरली घंटा टांगायची. तिच्या आवाजाच्या रोखानं वाटसरू वर येतील.

ठरवणं सोपं हो! दोन वर्षांत दोन नामांकित कारागीर आले. दोघंही म्हणाले, "आम्हाला सगळं येतं." दोघांच्याही घंटा तडकल्या. मग तिसऱ्यांदा दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! घंटा ओतणारा हवा. त्याला धातूची जाण हवी, साचा घडवता यायला हवा, शंभर माणसं हाताळता यायला हवीत, आणि थोरली घंटा आधी ओतलेली हवी होऽ!"

घाटाखालच्या गावात एक ओतारीण राहायची. गुरांच्या गळ्यातल्या घंटा ती ओतायची आणि तिचा नवरा त्या बैलांवर लादून पलीकडच्या बाजारात विकायचा. गेल्या हिवाळ्यात तिचा धाकटा दीर याच घाटात कड्यावरून गेला होता. दवंडी ऐकली आणि ती ताटावरून उठली.

सासू म्हणाली, "अगं, चारातलं दोनच येतं तुला. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

"खरंय, आत्याबाई. पण जमलं नाही हे परवडेल. विचारलंच नाही, हे नाही परवडायचं."

सासूनं उठून धाकट्या लेकाची घोंगडी काढली आणि सुनेच्या खांद्यावर टाकली. "वर गार असतं," एवढंच म्हणाली.

दरबारात प्रधानानं विचारलं, "काय काय येतं तुला?"

"धातू येतो. साचा येतो. शंभर माणसं कधी हाताळली नाहीत. आणि माझी सगळ्यात मोठी घंटा ही." तिनं पदराची गाठ सोडली. आतून बैलाच्या गळ्यातली घंटा निघाली. अख्खा दरबार खो खो हसला.

"मग इथवर आलीस कशाला, बाई?"

"येतं ते करीन. येत नाही ते विचारीन."

"कुणाला?"

"ज्याला येतं त्याला. आणि कुणालाच येत नसेल, तर घंटेलाच विचारीन."

अंगणात तडकलेली घंटा पडली होती. ओतारीण तिच्याभोवती फिरली, भेगेत बोट घालून पाहिलं. "महाराज, ही घाईनं फुटली. आतून गरम असतानाच साचा उघडला. माझ्या अशा कितीतरी फुटल्यात!"

"मग किती दिवस ठेवायला हवी होती?"

"ते मला ठाऊक नाही."

राजानं मिशीवरून हात फिरवला. "सगळं येणारे दोघं पाहून झाले. आता एक निम्मं येणारी पाहू."

काम सुरू झालं. माणसाच्या दुप्पट खोल खड्डा, त्यात साचा, भोवती दहा भट्ट्या. दहाही भट्ट्यांची तोंडं एका क्षणी उघडायला हवी होती, नाहीतर धातूचा सांधा कच्चा राहणार. माणसं शंभर आणि मतं दीडशे! ओतारीण सरळ पालखीच्या भोयांकडे गेली. "दादा, तुम्ही इतके जण एका पावलावर कसे चालता? मला शिकवा."

म्हातारा भोई चकित झाला. आजवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं तिला भोयांचा हुंकार शिकवला. दुसऱ्या दिवशी त्या हुंकारावर शंभर हात एकदम हलले आणि दहा भट्ट्यांतून रस धावला. बाबांनो, काय ते दृश्य! सूर्य वितळून मातीत उतरावा तसं. पाहणाऱ्यांनी नकळत हात जोडले.

नंतर आलं वाट पाहणं. राजजोशांनी साचा उघडायचा मुहूर्त काढला होता पाचव्या दिवसाचा. त्या सकाळी ओतारिणीनं साच्याच्या वरच्या भोकात एका पळीवर लोण्याचा गोळा सोडला. गोळा वितळला.

"अजून नाही. घंटाच सांगतेय, आत गरम आहे," ती म्हणाली. मुहूर्त टळला. जोशीबुवांनी कपाळाला हात लावला.

सहावा दिवस, सातवा, आठवा. रोज लोणी, रोज पाणी पाणी. दहाव्या दिवशी धुकं उतरलं. असं दाट, की नगरातली माणसं आपल्याच दाराला धडकू लागली. बाजाराहून परतणारे लोक घाटात अडकले होते, आणि त्यांत ओतारिणीचा नवराही होता.

लोक खड्ड्यापाशी जमले. "माणसं तिकडं मरतायत, आणि ही लोणी घेऊन बसलीय! उघड तो साचा!"

तिचेही हात कुदळीकडे गेले. का जाऊ नयेत? नवरा होता तिचा! अंगावरची दिराची घोंगडी तिनं घट्ट ओढली. "तडकलेली घंटा कुणाला वर आणणार?" ती म्हणाली. मग तिनं लोणी सोडलं. गोळ्याच्या कडा तेवढ्या मऊ झाल्या. ती रडली, पण कुदळ उचलली नाही.

बाराव्या दिवशी पहाट होताच गोळा आत सोडला. बाहेर काढला, तो जसाच्या तसा.

"आता!" ती ओरडली.

माती हटली. कुठं केसाएवढी भेग नाही. भोयांनी हुंकार देत घंटा कमानीला चढवली आणि राजानं लोलकाचा दोर ओतारिणीच्या हाती दिला. तिनं डोळे मिटून ओढला.

तो नाद कसा सांगू? तो कानांनी ऐकण्याआधी तळपायांना कळला. झाडांवरचं दव एकदम खाली सांडलं. रडणारी तान्ही मुलं गप्प झाली. सात डोंगरांनी तो नाद एकामागून एक परत दिला. हसलेला सगळा दरबार मान खाली घालून उभा होता, आणि राजानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं.

ती वाजवत राहिली. दोन प्रहर गेले. मग धुक्यातून एक म्हातारी बाहेर आली. मग तीन धनगर. मग एकामागून एक, काठी टेकीत, एकमेकांचे हात धरून, बेचाळीस माणसं वर आली. सगळ्यांत शेवटी बैलांच्या गळ्यातल्या छोट्या घंटा वाजत आल्या. त्या तिनं स्वतः ओतलेल्या होत्या, आवाजावरूनच ओळखल्या. दोर सोडून ती धावत सुटली.

त्या हिवाळ्यापासून घाटात कुणी हरवलं नाही. आणि त्या राज्यातली दवंडी बदलली. कुठल्याही कामाला माणूस हवा असला, की दवंडीवाला शेवटी हटकून म्हणायचा, "येतं ते सांगा, येत नाही तेही सांगा, पण या होऽ!"

तात्पर्य: 'येत नाही' म्हणायला जो लाजत नाही आणि विचारायला जो थकत नाही, त्याला न येणारं कामही एक दिवस येतं.