सकाळचा चहा

धारवाडकर सरांपुढे तोंड उघडायची समाजशास्त्र विभागात कुणाची टाप नव्हती. संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती कशा घ्यायच्या, ते सर शिकवत. त्या दिवशी भर वर्गात त्यांनी शलाकाला फैलावर घेतलं.

"चंद्रभागाबाईंची मुलाखत अर्धीच का?"

"त्यांचे यजमान नुकतेच वारलेत, सर. घरी सकाळचा चहा कोण करतं, एवढंच विचारलं, तर त्या 'राहू दे गं' म्हणाल्या. मी रेकॉर्डिंग बंद केलं."

"चहाच्या प्रश्नाला कुणी अडतं का? आधी हो म्हणाल्या होत्या ना? मग शेवटपर्यंत बोलायला हवं. अर्धवट मुलाखतीला मी पास करणार नाही!"

शलाका खाली बसली नाही. "सर, तुमची मुलाखत घेऊन बघू?"

"घे की!" सर ऐटीत खुर्चीत रेलले.

शलाकानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "सर, तुमच्या घरी सकाळचा चहा कोण करतं?"

"चहा? तो तर हिच्याच हातचा..." सरांच्या पत्नीला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. चष्मा काढून ते पुसत राहिले. "राहू दे."

शलाकानं लगेच रेकॉर्डिंग थांबवलं.

"बंद का केलंस?"

"तुम्ही 'राहू दे' म्हणालात, सर. आधी हो म्हणाला होतात, तरीसुद्धा."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"चंद्रभागाबाईंची मुलाखत अर्धी नाही," ते म्हणाले. "त्यांनी थांबवली, तिथं ती पूर्ण झाली."