सारंगाची सावली

एका राज्यात अग्नी होता, पण ऊब नव्हती. चुली धडधडत, तरी भात कच्चाच राही. आया लेकरांना शेकोटीपाशी धरून बसत, तरी त्यांचे ओठ निळे पडत. धूम्रकेश मांत्रिकाचा तो शाप होता. राजवंशातल्या कुणी हिमशिखरावरच्या गुहेतला अग्निमणी आणून राजवाड्याच्या होमकुंडात ठेवावा, तरच शाप सुटेल. आणि जाणाऱ्याने राज्याच्या शिवेबाहेर एकच पडशी न्यावी, अशी त्याची अट होती.

राजा अंथरुणाला खिळला होता, म्हणून राजकन्या चारुमती निघाली. सोबतीला तिचा दूधभाऊ सारंग, धाय कावेरीचा मुलगा. दोघे एकाच मांडीवर वाढलेले. सारंग गाऊ लागला की बागेतले मोर चारा टिपायचे थांबत.

वाड्यातला म्हातारा चाकर राघू तरुणपणी हिमशिखरावर जाऊन आला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, पाण्याची मशक घे. लांब दोर घे. जाड घोंगडी घे. बाकी काही घेतले नाहीस तरी चालेल."

सारंगाने तशी पडशी भरली. पण चारुमतीच्या मनात आले, मण्याच्या रक्षकापुढे राजकन्येने असे रिकाम्या हाती कसे उभे राहावे? तिने तिन्ही वस्तू काढल्या आणि जरीचा शालू, रत्नांचा मुकुट आणि नजराण्याची सोन्याची ताटे भरली. सारंग म्हणाला, वाटेत पाणी लागेल. ती म्हणाली, वाटेत झरे काय कमी असतील? त्याने पडशी खांद्याला लावली.

शीव ओलांडली आणि वाळूचा प्रदेश लागला. झरा होता, पण कोरडा. काठावर एक यक्षीण बसली होती. चारुमतीने सोन्याचे ताट पुढे केले. यक्षिणीने त्याकडे पाहिलेदेखील नाही.

"हा झरा आवाजाने भरतो," ती म्हणाली. "दोघांपैकी एकाने आपला द्यावा."

चारुमती विचारात पडली. तेवढ्या वेळात सारंग झऱ्यावर वाकून गायला. गाणे संपले तेव्हा झरा काठोकाठ भरला होता आणि त्याच्या ओठांतून शब्द फुटत नव्हता. ती पाणी प्यायली. पाणी गोड होते.

पुढे दरी आडवी आली. कड्यावर राहणारा आठ पायांचा कोळी म्हणाला, "मी सावलीचा दोर वळतो. मुकुट नको, सावली हवी." या वेळी चारुमतीला बोलायला सवड होती, तरी ती पायांशी पडलेल्या आपल्या सावलीकडे पाहत गप्प राहिली. बिनसावलीच्या राणीला प्रजा काय म्हणेल, हे तिच्या मनात आले. सारंग पुढे झाला. त्याच्या सावलीचा दोर धरून दोघे पार झाले. पलीकडे उन्हात तिची एकटीचीच सावली पडली.

मग बर्फ लागले. शालू गोठून पत्र्यासारखा झाला. तिथे हिमजरठा, बर्फातली म्हातारी, मागावर बसली होती. ती आठवणींचे पांघरूण विणत असे. आता मात्र चारुमती धावत पुढे गेली. "माझ्या घ्या," ती म्हणाली. "सगळ्या घ्या."

"तुझ्या घेतल्या तर आलीस कशाला, हेच तू विसरशील," म्हातारी म्हणाली. "मग मणी कोण नेणार?"

सारंग चारुमतीकडे पाहून हसला आणि मागापाशी जाऊन बसला.

त्या पांघरुणात ती गुहेपर्यंत चालली. त्यात कैऱ्यांच्या वाटणीवरून झालेली भांडणे होती; तो तळ्यात बुडताना तिने धरलेला त्याचा हात होता; ती किती शहाणी आहे, याचा त्याचा विश्वास होता. इतकी ऊब तिने जन्मात अनुभवली नव्हती, आणि ती सारी वाट रडली. बाजूने चालणारा तरुण तिच्याकडे परक्यासारखा, काळजीने पाहत होता.

गुहेत रक्षक नव्हताच. मणी धुळीत पडला होता.

चारुमतीने तो राजवाड्यात आणून होमकुंडात ठेवताच चुलींवरचा भात शिजला, लेकरांचे गाल लाल झाले, राजा उठून बसला. शापाने नेलेले सारे परत आले. आपखुशीने दिलेले मात्र परत येत नाही, असे राघू म्हणाला.

पुढे चारुमती राणी झाली. तिने न्यायाने राज्य केले, आणि प्रजा पोटभर जेवून उबेत झोपली. मध्येच एखाद्या संध्याकाळी ती कावेरीच्या अंगणात जाऊन बसे आणि तिथल्या मुक्या माणसाला एका गाणाऱ्या मुलाची गोष्ट सांगे. तो मन लावून ऐके. एकदा त्याने खुणेने विचारले, तो मुलगा घरी परतला का?

"नाही," राणी म्हणाली. "मी एकटीच आले."

त्याला वाईट वाटले. तो आत गेला आणि पाहुण्यांपुढे ठेवतात तसे त्याने तिच्यापुढे गूळ-पाणी आणून ठेवले.